टचपॅड बिघडला? आधी लॅपटॉप टेबलावर ठेवून पाहा

इंदूरच्या मराठी घरांतून एक जुना लॅपटॉप हमखास सापडतो. मुलगा किंवा मुलगी शिकायला पुण्याला जाते, तिथून नोकरीला बंगळूरला नाहीतर परदेशी. जाताना नवा लॅपटॉप घेतला जातो आणि जुना आई-बाबांकडे राहतो. मग त्याच्यावर नातवंडांशी बोलणे होते, बँकेचे व्यवहार पाहिले जातात, कोणी आपल्या नोकरीच्या काळातल्या आठवणी लिहून काढतात, कोणी कुळाची वंशावळ टाइप करून ठेवतात. आपल्या मंडळाची सभासदांची यादी आणि जमाखर्चही अशाच एका वयस्कर लॅपटॉपवर आहे. सहा-सात वर्षे उलटली की टचपॅडची तक्रार सुरू होते. बाण हलत नाही, किंवा आपला आपण पळतो, किंवा क्लिक दाबलेच जात नाही.

अशा वेळी मुलांना फोन लावला की तिकडून ठरलेली उत्तरे येतात: बंद करून चालू करा, ड्रायव्हर अपडेट करा. सल्ला वाईट नाही, पण सांगणाऱ्याला लॅपटॉप दिसत नसतो. आणि जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत पहिली तपासणी डोळ्यांनी, बाहेरूनच करायची असते.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तो जेवणाच्या टेबलासारख्या अगदी सपाट जागेवर ठेवा. चारही कोपऱ्यांवर हळूच बोट टेकवून पाहा. पूर्वी स्थिर बसणारा लॅपटॉप आता डगमगतो का? मग तो डोळ्यांच्या रेषेत धरून बाजूने पाहा. पोट खाली आले आहे का, वरच्या आणि खालच्या झाकणाच्या सांध्यात कुठे फट पडली आहे का? स्क्रीन मिटल्यावर पूर्वीसारखी टेकत नाही, मध्ये उचललेली राहते, असे आहे का? शेवटी टचपॅडवरून नखाची कड फिरवा. पॅड आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या वर आला आहे का, किंवा त्याची एक बाजू उंच झाली आहे का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर दोष टचपॅडचा नसण्याची शक्यता फार मोठी आहे. खाली बॅटरी फुगली आहे आणि ती पॅडला वर ढकलते आहे. क्लिक घट्ट झाले ते त्यामुळेच. खाली जायला जागाच उरलेली नाही.

बॅटरी का फुगते

पूर्वीच्या जाड लॅपटॉपमध्ये बॅटरी मागच्या बाजूला, बिजागरीजवळ असे आणि खटका सरकवला की हातात येई. आपला लॅपटॉप तसा असेल तर हा भाग सोडून पुढे वाचायला हरकत नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी आतच स्क्रूने बसवलेली असते, आणि तिची जागा असते पुढच्या भागात, आपण मनगटे टेकवतो त्याच्या खाली. टचपॅड बरोबर तिच्या डोक्यावर येतो. दोघांमध्ये जेमतेम एखाद्या पत्र्याचे अंतर.

या पातळ बॅटऱ्या म्हणजे चकचकीत पाकिटात बंद केलेले लिथियमचे चपटे सेल. पाकिटाच्या आत जे द्रव रसायन असते ते वर्षानुवर्षांच्या वापराने हळूहळू विघटित होते आणि त्यातून वायू तयार होतो. बाहेर पडायला वाट नसल्याने पाकीट उशीसारखे फुगते. वय झाले की थोडेफार हे व्हायचेच, पण दोन गोष्टी त्याला घाई करतात. एक उष्णता. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत, गादीवर ठेवून चालवलेला लॅपटॉप किती तापतो ते सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे चोवीस तास चार्जर लावून बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवणे. 'लाइट गेली तर असावी' म्हणून आपण नेमके हेच करतो. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. लॅपटॉप कायम टेबलावरच राहणार असेल तर पुढच्या वेळी मुले घरी येतील तेव्हा तेवढे एक त्यांच्याकडून करून घ्यावे.

फुगलेली आढळली तर

लॅपटॉप बंद ठेवा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. पॅड दाबून 'बसवण्याचा' प्रयत्न करू नका, वर वजन ठेवू नका, झाकण जोराने मिटू नका. सुईने टोचून हवा काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. पाकिटाच्या आतले रसायन पेट घेणारे असते. टोचताना आतले दोन थर एकमेकांना टेकले की सेल स्वतःच तापत जातो, त्या उष्णतेने शेजारचा सेल पेटतो आणि निघणारा धूर विषारी असतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचाही एक घरगुती उपाय ऐकू येतो. त्याने फुगलेली बॅटरी पूर्ववत होत नाही, उलट आत दमटपणा मात्र शिरतो.

दुकानात नेईपर्यंत लॅपटॉप फरशीवर, मोकळ्या जागी ठेवावा. कपड्यांच्या कपाटात, पलंगाखाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर नको. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असे नाही, बहुतेक तशाच महिनोन्‌महिने पडून राहतात. म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. पण ती बंद असतानाही गरम लागू लागली, फुसफुस आवाज आला किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला, तर लॅपटॉप वाचवायच्या भानगडीत न पडता घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ वर फोन करा.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे: 'चिरंजीव दिवाळीला येतील, तेव्हा घेऊन जातील, पुण्यात दाखवतील.' फुगलेली किंवा खराब झालेली लिथियम बॅटरी विमानात नेता येत नाही, ना केबिनच्या बॅगेत, ना सामानात. कुरिअरनेही पाठवू नये. बॅटरी काढण्याचे काम इंदुरातच करून घ्यावे. कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र असेल तर उत्तमच. नाहीतर लॅपटॉप दुरुस्त करणारा ओळखीचा माणूस, पण त्याला आधी फोनवर स्पष्ट सांगावे की बॅटरी फुगलेली आहे.

आतल्या मजकुराची काळजी वाटते, ती रास्त आहे. बॅटरी बिघडली म्हणून फोटो किंवा फायली जात नाहीत, त्या वेगळ्या ठिकाणी साठवलेल्या असतात. बॅटरी काढल्यावर बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, काही थोडे हळू चालतात. त्या अवस्थेत सगळे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. घाईघाईने फुगलेल्या बॅटरीवरच लॅपटॉप तासभर चालवून कॉपी करत बसू नये.

आणि काढलेली बॅटरी? तिला सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या शहरात कचरागाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे आहेत, आणि ही शिस्त इंदूरकरांच्या आता अंगवळणी पडली आहे. पण गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबणे हेच या बॅटरीला नको असते. म्हणून शक्यतो ती सेवा केंद्रातच सोडावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. गाडीतच द्यायची वेळ आली तर पिशवीत लपवून न टाकता गाडीवरच्या माणसाच्या हातात, काय आहे ते सांगून द्यावी.

बॅटरी बदलली की पुष्कळदा टचपॅड जागेवर बसतो आणि क्लिक पूर्ववत होते. बराच काळ दाबाखाली राहिल्याने पॅड वाकला असेल किंवा त्याची काच तडकली असेल, तर मात्र तोही बदलावा लागतो.

लॅपटॉप सपाट आहे, तरी बाण नाचतो

आता दुसरी तक्रार. पॅड वर आलेला नाही, पण बाण थरथरतो, उड्या मारतो, नको तिथे क्लिक होते. हे समजण्यासाठी टचपॅडला बोट 'दिसते' कसे हे थोडे पाहू.

पॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची उभी-आडवी जाळी असते. प्रत्येक तारेत किंचित विद्युतभार असतो. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या जागेचा भार बदलतो. एक चिप सेकंदाला कित्येक वेळा सगळ्या तारा मोजते आणि बदल कुठे झाला यावरून बोटाची जागा ठरवते. म्हणजे पॅड दाब मोजत नाही, विजेतला सूक्ष्म फरक मोजतो. पेन्सिलीच्या टोकाने किंवा हातमोजा घालून तो हलत नाही, तो याचमुळे. अशा पद्धतीचा पॅड जॉर्ज गर्फाइड या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार केला, आणि १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेने तो लोकांच्या हाती दिला. त्याआधी लॅपटॉपवर फिरणारा गोळा असे, किंवा आयबीएमच्या थिंकपॅडवर असे तसा कळफलकाच्या मधोमध लाल ठिपका. पुढे टचपॅडचे नाव घरोघरी नेणारी सिनॅप्टिक्स कंपनी १९८६ मध्ये काढली ती कार्व्हर मीड आणि फेदेरिको फॅगिन यांनी. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर घडवणाऱ्यांतले हेच ते फॅगिन.

इतकी नाजूक मोजणी असल्यावर ती बिघडवायला फार काही लागत नाही. ओले हात, जेवणानंतरचा तेलाचा हात, मे महिन्यातला घाम, हात धुतल्यावर राहिलेला साबणाचा थर, यांतले काहीही पुरते. लॅपटॉप बंद करून, किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पॅड पुसा, मग कोरड्या कापडाने. पाणी थेट पॅडवर शिंपडायचे नाही. पॅडच्या कडेच्या फटीत साचलेली धूळ आणि चिवड्याचे कण मऊ ब्रशने काढावेत.

पण माझ्या पाहण्यात जुन्या वस्तीतल्या घरांमध्ये याहून जास्त वेळा एक वेगळेच कारण निघते, ते म्हणजे अर्थिंग. परीक्षा अगदी सोपी आहे. बाण नाचत असताना चार्जरचा प्लग काढा. त्याच क्षणी बाण शहाण्यासारखा वागू लागला, तर टचपॅड ठणठणीत आहे, गोंधळ विजेच्या बाजूला आहे. चार्जर २३० व्होल्टचा प्रवाह आपल्या आत भराभर तोडून-जोडून १९-२० व्होल्टवर आणतो. या क्रियेत थोडा विद्युत गोंगाट तयार होतो, आणि त्याला निचरा म्हणून अर्थची तार असते. ती तार नसली की गोंगाट लॅपटॉपच्या अंगात राहतो आणि पॅडच्या सूक्ष्म मोजणीत मिसळतो. लॅपटॉपचे धातूचे झाकण हाताला झिणझिण्या आणत असेल तर तीही याचीच खूण.

रामबाग किंवा जुनी इंदूर भागातल्या कित्येक घरांत सॉकेट तीन छिद्रांचा असतो, पण वरच्या मोठ्या छिद्राच्या मागे तारच जोडलेली नसते. दिसायला सगळे व्यवस्थित. शिवाय तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत घालणारे ते छोटे कन्व्हर्टर आपण सर्रास वापरतो, त्याने असलेले अर्थिंगही तुटते. लॅपटॉप दुसऱ्या खोलीतल्या, शक्यतो फ्रीजच्या किंवा गीझरच्या सॉकेटजवळ नेऊन पाहा, कारण तिथे बहुधा अर्थिंग नीट दिलेले असते. फरक पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचेच अर्थिंग तपासून घ्यावे. टचपॅडच्या निमित्ताने का होईना, गीझर आणि वॉशिंग मशिन असलेल्या घराला ते हवेच आहे. सॉकेट ठीक असूनही त्रास राहिला, तर संशय चार्जरवर. मूळ चार्जर खराब झाल्यावर आणलेला स्वस्त डुप्लिकेट हे नेहमीचे कारण. आतल्या गाळणीचे भाग त्यात वाचवलेले असतात.

बाण हलतच नाही

इथे मात्र मुलांचा सल्ला कामाचा. सर्वांत आधी हे पाहा की पॅड चुकून बंद तर झालेला नाही. वरच्या एफ-बटनांपैकी एकावर पॅडचे छोटे चित्र असते, 'एफएन' बरोबर ते दाबले की पॅड बंद-चालू होतो. काही जुन्या एचपी लॅपटॉपवर पॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो, त्यावर दोनदा टिचकी मारली की पॅड बंद पडतो आणि पुन्हा तसेच केले की जागा होतो. चष्मा पुसायला ठेवलेले कापड फिरवतानाही हे घडू शकते!

तेही नसेल तर विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबून सेटिंग्ज उघडा. पॅड चालत नसला तरी टॅब, बाणांच्या कळा, स्पेस आणि एंटर यांच्यावर सगळे फिरता येते. विंडोज ११ मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' मध्ये आणि विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस' मध्ये 'टचपॅड' सापडेल. माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवावा की नाही, याचीही तिथे एक खूण असते. माउसची वायरलेस पिन मागे लागून राहिली म्हणून पॅड बंद, असे बरेचदा होते.

अपडेटनंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करावे, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. नवा ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून, आपला नेमका मॉडेल क्रमांक घालून घ्यावा. 'ड्रायव्हर दुरुस्त करून देतो' म्हणणारी भलतीसलती सॉफ्टवेअर टाकू नयेत.

दोष सॉफ्टवेअरचा की यंत्राचा, हे पक्के ठरवायला एक चांगली युक्ती आहे. घरात कोणी जाणते असेल तर पेनड्राइव्हवर उबुंटूसारखी लिनक्स घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप तिच्यावरून सुरू करून पाहावा. तिथे पॅड चालला तर विंडोजमध्ये गडबड आहे. तिथेही मेलेलाच राहिला तर आतली जोडणी किंवा पॅड स्वतः. आतली जोडणी म्हणजे कागदासारखी चपटी रिबन केबल, वर्षांनुवर्षांच्या उघडझापीने ती खाचेतून किंचित सरकते. पाच मिनिटांचे काम असते. म्हणून दुकानदार लगेच 'पूर्ण पॅड बदलावा लागेल' म्हणाला, तर आधी रिबन काढून पुन्हा बसवून पाहायला सांगावे.

क्लिकच तेवढे गेले

बाण नीट फिरतो, पण दाबल्यावर क्लिक होत नाही, आणि बॅटरीही फुगलेली नाही, अशा वेळी पॅडखालचे बटन झिजलेले असते. बहुतेक पॅड वरच्या कडेला बिजागरीसारखे पक्के असतात आणि फक्त खालचा भाग दबतो, सगळा भार त्या एका बारीक बटनावर. यासाठी खर्च करायची खरोखर गरज नाही. टचपॅडच्या सेटिंगमध्ये 'टॅप' चालू करा. एका बोटाची टिचकी म्हणजे डावे क्लिक, दोन बोटांची म्हणजे उजवे. ज्येष्ठांना सुरुवातीला चार दिवस अवघड जाते, मग दाबण्यापेक्षा तेच सोपे वाटते. २०१५ नंतरच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये तर पॅड मुळात दबतच नाही, आतली मोटर बोटाला क्लिकचा भास देते. यंत्र बंद असताना तो दगडासारखा लागतो, तो बिघाड नव्हे.

आणि हात थरथरत असतील, तर माझे मत विचाराल तर पॅडच्या मागे लागूच नये. तीन-चारशे रुपयांचा तारेचा माउस आणावा. त्याला सेल लागत नाहीत, तो हरवत नाही, आणि टचपॅड पूर्ण बंद ठेवला म्हणजे टाइप करताना मनगट लागून बाण पळण्याचा त्रासही संपतो.

बॅटरी आणि पॅड दोन्ही बदलायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सुरक्षेचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि सात-आठ वर्षांपूर्वीचे बरेच लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात अशा यंत्रावर मोठा खर्च करण्याआधी हा हिशोब घरात बसून करावा. नुसते लिहिण्या-वाचण्याचे आणि फोटो पाहण्याचे काम असेल तर दुरुस्ती परवडते. नवी बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरचा क्रमांक जुळवून घ्या, बिल आणि वॉरंटी घ्या, आणि बॅटरीवर बनवण्याची तारीख छापलेली असेल तर तीही वाचा, कारण दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेली 'नवी' बॅटरी अर्धी म्हातारी झालेली असते. घरी आणण्यापूर्वी दुकानातच लॅपटॉप सपाट काउंटरवर ठेवून पाहा, आणि पॅडवर बोट सावकाश चारही कोपऱ्यांतून फिरवा, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून.